सीडॉ करार आपल्या केसमध्ये कसा वापरायचा: पहिल्या अर्जापासून जिनिव्हापर्यंत

सीडॉ, म्हणजे स्त्रियांवरचा सर्व प्रकारचा भेदभाव संपवण्यासाठीचा युनोचा करार. त्याचं नाव बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं. कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये, आठ मार्चच्या भाषणात, एखाद्या पत्रकाच्या तळाशी. पण हा करार आपल्या स्वतःच्या केसमध्ये काढून वापरता येतो हे फार थोड्या जणींना माहीत असतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांनाही ते बहुतेक वेळा उशिरा कळतं. सगळं घोडं तिथेच अडतं.

मी वकील नाही. बायकांचे अर्ज लिहून देणं, कागद लावून देणं, तारखांची यादी करून देणं असली कामं करत आले, त्यामुळे जे लिहितेय ते वकिली भाषेत नाही. वकील लागेलच, पण वकिलाकडे जाताना आपल्याला काय हवंय हे आपल्याला माहीत असलं की निम्मं काम झालेलं असतं.

माणसं दोन प्रकारची भेटतात. एक म्हणतात, "हे करार-बिरार सगळं कागदावरचं, आपल्याला काय उपयोग." दुसरी म्हणतात, "इथे न्याय नाही मिळाला तर मी डायरेक्ट युनोत जाईन." दोन्ही चूक. युनो म्हणजे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या वरचं कोर्ट नव्हे, तिथे अपील होत नाही. आणि करार नुसता भिंतीवर लावायचा कागदही नाही, कारण तो आपल्याच सरकारनं मान्य करून दिलेला शब्द आहे आणि तो शब्द आपल्याच देशातल्या कोर्टात, ऑफिसात, आयोगासमोर काढून दाखवता येतो. त्याचा खरा उपयोग तिथेच जास्त होतो.

आधी तक्रार नीट मांडा, कायदा नंतर

सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या आणि काय झालं ते तारखेनुसार लिहा. भावना नंतर, कायद्याची कलमं त्याहून नंतर. माझ्याकडे एकदा चार पानांचा अर्ज आला होता, अतिशय पोटतिडकीनं लिहिलेला, वाचताना डोळ्यात पाणी येईल असा, आणि त्यात एकही तारीख नव्हती. कधी मारलं, कधी पोलिसांत गेली, कोण भेटलं, काय म्हणाले, काहीच नाही. आम्ही दोघी दोन दिवस बसलो आणि मोबाईलमधले जुने मेसेज, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, बँकेच्या नोंदी असं करत करत तारखा शोधल्या.

तारखांचं इतकं का, तर २००५ चा हंगेरीचा निर्णय बघा. सीडॉ समिती म्हणजे देश हा करार पाळतात का ते बघणारी युनोची तज्ज्ञांची समिती, आणि तिच्यासमोरच्या घरगुती हिंसाचाराच्या केसेसमधला हा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा. त्या बाईकडे वेगवेगळ्या मारहाणींची दहा वैद्यकीय सर्टिफिकेटं होती. शिवाय तिच्यावरची बहुतेक मारहाण हंगेरीला समितीकडे तक्रार करायची सोय लागू व्हायच्या आधीची होती, म्हणजे खरं तर तांत्रिक मुद्द्यावर केस उडू शकली असती. पण हिंसाचार आधी सुरू झाला आणि नंतरही चालूच राहिला हे तारखांवरून दिसत होतं, म्हणून समितीनं केस ऐकली.

तारखा झाल्या की स्वतःला विचारायचं, माझी तक्रार नेमकी कुठल्या जातीची आहे? साधारण चार प्रकार असतात. कायदाच भेदभाव करणारा आहे, म्हणजे उदाहरणार्थ मुलाला नागरिकत्व फक्त बापाकडून मिळतं. किंवा कायदा चांगला आहे पण कुणी पाळत नाही. किंवा त्या विषयावर कायदाच नाही. किंवा त्रास देणारा खाजगी माणूस आहे, नवरा, मालक, घरमालक, आणि सरकारी यंत्रणा हात बांधून बसलीय. हा चौथा प्रकार सगळ्यात जास्त असतो आणि त्यातच बायका म्हणतात की "पण हे तर घरातलं आहे, यात सरकारचा काय संबंध". संबंध आहे. सीडॉच्या कलम २(ई) मध्ये सरळ लिहिलंय की कुठलीही व्यक्ती, संस्था, कंपनी भेदभाव करत असेल तर तो थांबवण्यासाठी पावलं उचलणं हे सरकारचं काम आहे. म्हणजे अर्ज लिहिताना दोन कॉलम करायचे, त्या माणसानं काय केलं आणि ते कळल्यावर यंत्रणेनं काय केलं किंवा केलं नाही. दुसरा कॉलम बायका रिकामा सोडतात, आणि करारासाठी तोच महत्त्वाचा.

आणि जीवाला धोका असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी सुरक्षित ठिकाणी जा, संरक्षणाचा आदेश मागा. कागद मागाहून होतात. फक्त ओळखपत्रं आणि दवाखान्याचे कागद यांचे फोटो एखाद्या विश्वासातल्या माणसाला पाठवून ठेवा, आपल्या फोनवर भरवसा नको.

देशातला कायदा: उतरंड समजून घ्या

संविधान सगळ्यात वर, त्याखाली संसदेनं किंवा विधिमंडळानं केलेले कायदे, त्याखाली नियम, त्याखाली परिपत्रकं आणि ऑफिसच्या अंतर्गत सूचना. गंमत अशी की बाईला जो नियम आडवा येतो तो बहुतेक वेळा सगळ्यात खालचा असतो. "आमच्याकडे फॉर्मवर नवऱ्याची सही लागते" असं काउंटरवरचा माणूस सांगतो तेव्हा त्याला शांतपणे विचारायचं, कुठल्या नियमात लिहिलंय, लेखी द्या. दहातल्या कितीतरी वेळा तसा नियमच नसतो, पद्धत असते. लेखी नकार मिळाला तर उत्तमच, कारण आव्हान द्यायला काहीतरी हातात आलं. लेखी देत नसतील तर आपणच अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच म्हणजे शिक्का, तारीख, आवक नंबर. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

लग्न, घटस्फोट, वारसा, मुलांचा ताबा यांत बऱ्याच देशांत धर्माप्रमाणे किंवा रूढीप्रमाणे वेगळे कायदे असतात. तिथे बघायचं की संविधानातलं समानतेचं कलम या कायद्यांना लागू होतं की त्यांना सूट दिलीय. हे प्रत्येक देशात वेगळं. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारायचे प्रश्न तीन: समानतेचं कलम इथे लागतं का, मुदत किती दिवसांची आहे, आणि फुकट कायदेशीर मदत मिळते का. मुदतीचा प्रश्न विसरलात तर बाकी सगळं वाया.

आपला देश नेमका कशाला बांधलेला आहे

इथे बहुतेक जण गोंधळतात कारण सही करणं आणि बांधील होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही म्हणजे साखरपुडा समजा. बांधील व्हायला देशानं करार रॅटिफाय करावा लागतो, म्हणजे पक्की मान्यता द्यावी लागते, किंवा थेट सामील व्हावं लागतं. अमेरिकेनं सीडॉवर १९८० मध्ये सही केली आणि आजतागायत रॅटिफाय केलेला नाही, म्हणजे साखरपुडा होऊन चार दशकं झाली. बाकी १८९ देश मात्र बांधील आहेत.

दुसरा घोळ रिझर्व्हेशनचा. मराठीत याला "आरक्षण" म्हणतात आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं महिला आरक्षण, राखीव जागा वगैरे. नाही हो. इथे रिझर्व्हेशन म्हणजे सरकारनं करार मान्य करताना घातलेली मेख, की बाकी सगळं मान्य पण अमुक कलम आम्हाला बंधनकारक नाही. आणि ही मेख बऱ्याच देशांनी कुठे मारलीय, तर कलम २ आणि कलम १६ वर, म्हणजे भेदभाव संपवण्याची मूळ जबाबदारी आणि लग्न-कुटुंब! एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. कराराच्या कलम २८ प्रमाणे कराराच्या मूळ उद्देशालाच छेद देणारी मेख चालत नाही आणि समितीही ते वर्षानुवर्षं सांगत आलीय, त्यामुळे आपल्या कलमावर मेख दिसली म्हणून लगेच निराश होऊ नका, पण ती आहे हे आधी माहीत असायला हवं. नाहीतर समोरचा सरकारी वकील ती काढून दाखवतो आणि आपण बघत बसतो. काही देशांनी पुढे अशा मेखा काढूनही घेतल्यात, म्हणून ताजी स्थिती बघायची, दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली नको.

तिसरी गोष्ट ऑप्शनल प्रोटोकॉल. वैयक्तिक तक्रार समितीकडे नेता यावी म्हणून १९९९ मध्ये केलेला आणि २००० च्या डिसेंबरपासून लागू झालेला हा वेगळा जोड-करार आहे. देशानं सीडॉ मान्य केला म्हणजे हाही मान्य केला असं नाही. शंभराहून जास्त देश यात आहेत, पण बरेच नाहीतही, आणि नसलेल्यांत भारतही आहे.

हे सगळं बघायचं कुठे? युनोच्या करारांचा अधिकृत संग्रह ऑनलाइन फुकट आहे, त्यात प्रकरण ४ मध्ये ८ नंबरला सीडॉ आणि ८-बी ला ऑप्शनल प्रोटोकॉल. देशाच्या नावासमोर तारखा असतात, खाली रिझर्व्हेशनचा मजकूर जसाच्या तसा असतो. त्याचा प्रिंट काढून फाइलला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

करार कोर्टात शिरतो कुठून

काही देशांत करार रॅटिफाय झाला की तो आपोआप देशाच्या कायद्याचा भाग होतो. अर्जेंटिनानं १९९४ च्या घटनादुरुस्तीत सीडॉला थेट संविधानाचा दर्जा दिला. नेपाळच्या १९९० च्या करार कायद्यात असं आहे की देशाचा कायदा आणि करार यांच्यात विसंगती असेल तर करार वरचढ. बाकीच्या देशांत, ब्रिटन आणि त्याच्या पठडीतले बरेच देश यात आले, संसदेनं वेगळा कायदा केल्याशिवाय करार कोर्टात थेट लागू होत नाही.

पण "थेट लागू होत नाही" म्हणजे "उपयोग नाही" असं नव्हे, हा मुद्दा वकीलसुद्धा कधीकधी विसरतात. बोट्स्वानात युनिटी डाऊ या वकील बाईंनी नागरिकत्वाच्या कायद्याला आव्हान दिलं, कारण परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बाईच्या मुलांना तिचं नागरिकत्व मिळत नव्हतं आणि पुरुषाच्या मुलांना मात्र मिळत होतं. १९९२ मध्ये अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि संविधानाचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घेतला. गंमत म्हणजे बोट्स्वानानं तोपर्यंत सीडॉ मान्यसुद्धा केलेला नव्हता, तो केला १९९६ मध्ये! भारतातलं विशाखा प्रकरण तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर कायदाच नव्हता तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं सीडॉ वाचून मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि कायदा यायला त्यानंतर सोळा वर्षं लागली.

म्हणजे आपल्या अर्जात करार कुठल्या दारानं आणायचा ते ठरवायचं. थेट लागू होत असेल तर थेट. नाहीतर असं म्हणायचं की कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर कोर्टानं करारात बसेल तो घ्यावा. कायदाच नसेल तर म्हणायचं की ही पोकळी करारानं भरावी. आणि सरकार म्हणालं की आमच्या देशाच्या कायद्यात तसं बसत नाही, तर त्याला १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २७ दाखवायचं, की स्वतःचा कायदा पुढे करून कराराची जबाबदारी टाळता येत नाही.

कलम निवडणं

कलम १ आधी पाठ करा म्हटलं तरी चालेल. त्यात भेदभावाची व्याख्या आहे आणि त्यातला कळीचा शब्द म्हणजे "परिणाम किंवा उद्देश". समोरच्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करायची गरज नाही, परिणाम बायकांवर वेगळा होतो एवढं दाखवलं तरी पुरतं. "आमचा तसा काही हेतू नव्हता" हे वाक्य प्रत्येक सुनावणीत ऐकू येतं म्हणून सांगतेय.

पुढची कलमं विषयवार आहेत. कलम ५ रूढी आणि साचेबद्ध समजुतींवर, ६ बायकांची तस्करी आणि देहव्यापारातल्या शोषणावर, ७ मतदान आणि राजकारण, ९ नागरिकत्व, १० शिक्षण, ११ नोकरी, १२ आरोग्य, १३ कर्ज आणि आर्थिक लाभ, १४ ग्रामीण बायका, १५ कायद्यापुढची समानता, १६ लग्न आणि कुटुंब. कलम ५ ला लोक हलक्यात घेतात, खूप उपयोगी आहे ते. फिलिपीन्समधल्या एका बलात्काराच्या खटल्यात आठ वर्षं खालच्या कोर्टातच गेली आणि शेवटी आरोपी सुटला, कारण न्यायाधीशांच्या मते तिनं पळून जायला हवं होतं, अजून जोरात प्रतिकार करायला हवा होता. २०१० मध्ये समितीनं म्हटलं की "खरी पीडिता अशीच वागते" ही न्यायालयाची समजूतच भेदभाव आहे. म्हणजे निकालपत्रातली वाक्यंसुद्धा पुरावा असतात, निकाल हातात आला की पेन्सिल घेऊन वाचा.

एक विचित्र गोष्ट, सीडॉच्या मजकुरात घरगुती हिंसाचारावर कलमच नाही. १९७९ मध्ये तो विषय "घरातला" होता ना! ती उणीव समितीच्या सर्वसाधारण शिफारशींनी, म्हणजे कराराचा अर्थ समजावणाऱ्या तिच्या लेखी मतांनी, भरून काढली, १९९२ ची १९ नंबरची आणि तिला अद्ययावत करणारी २०१७ ची ३५ नंबरची. हिंसाचाराची केस असेल तर कलम १ आणि २ सोबत या दोन शिफारशी लिहायच्याच. न्याय मिळण्यातल्या अडथळ्यांसाठी २०१५ ची ३३ नंबरची बघा, पोलीस तक्रार घेत नाहीत, भाषा कळत नाही, खर्च परवडत नाही हे सगळं त्यात आहे.

सीडॉ एकटाच नाही हेही लक्षात ठेवा. समान कामाला समान मोबदला हवा असेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५१ चा १०० नंबरचा करार, बाळंतपणाच्या रजेसाठी २००० चा १८३ नंबरचा, ज्यात किमान चौदा आठवडे आहेत, कामावरच्या छळासाठी २०१९ चा १९० नंबरचा. शिवाय त्या त्या खंडातले बायकांसाठीचे करार, आफ्रिकेत २००३ चा मापुटो प्रोटोकॉल, युरोपात २०११ चा इस्तंबूल करार, अमेरिका खंडात १९९४ चा बेलेम दो पारा. प्रत्येकाचं रॅटिफिकेशन वेगळं तपासायचं. मोठ्या नावांना भुलू नका. १९९५ चा बीजिंग जाहीरनामा हा करार नाही, १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामाही नाही, ज्याच्या पहिल्या कलमातलं "सर्व पुरुष" असा अर्थ निघू शकणारं इंग्रजी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरून "सर्व मानव" असं करून घेतलं. वजन आहे त्यांना, अर्जात शोभतात, पण बंधनकारक म्हणून लिहिलंत तर समोरचा तिथेच पकडेल.

पहिल्याच अर्जात लिहा. पहिल्याच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं सगळं लिहायला घेतलं.

तुर्कीतली एक शिक्षिका. डोक्यावर स्कार्फ बांधते म्हणून नोकरीवरून काढलं. ती देशातल्या कोर्टात लढली, हरली, सीडॉ समितीकडे गेली, आणि २००६ मध्ये समितीनं तिची तक्रार दाखलच करून घेतली नाही. का? तर देशातल्या कोर्टात तिनं कामाच्या ठिकाणची शांतता, राजकीय मतं, धर्माचं स्वातंत्र्य असले मुद्दे मांडले होते, "हा स्त्री म्हणून माझ्यावर झालेला भेदभाव आहे" हा मुद्दा तिथे कधी मांडलाच नव्हता. समितीचं म्हणणं असं की ज्या मुद्द्यावर देशातल्या कोर्टाला उत्तर द्यायची संधीच दिली नाही तो आमच्याकडे कसा आणता. वर्षानुवर्षांची लढाई आणि एका मुद्द्यावर फाइल बंद.

तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. अर्ज पोलिसांचा असो, कामगार आयुक्तांचा असो, कौटुंबिक न्यायालयाचा असो, त्यात हा परिच्छेद घालतेच. कराराचं कलम शब्दशः लिहिलंच पाहिजे असं नाही, भेदभावाचा आशय आला पाहिजे, पण कलम लिहिलं तर वाद राहत नाही. साधारण असा:

"माझ्याबाबत घेतलेला हा निर्णय मी स्त्री असल्यामुळे घेतला गेला आहे. प्रमोशनच्या मुलाखतीत मला लग्न, मुलं आणि बदलीची तयारी याबद्दल प्रश्न विचारले गेले, माझ्याच पदावरच्या दोन पुरुष सहकाऱ्यांना विचारले गेले नाहीत (जोडपत्र ४). हा संविधानातल्या समानतेच्या कलमाचा भंग आहे, तसंच आपल्या देशानं मान्य केलेल्या सीडॉ कराराच्या कलम १, २(डी) आणि ११(१)(सी) चाही भंग आहे. या मुद्द्यावर कारणांसहित निर्णय द्यावा ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका. कारणांसहित निर्णय मागितला आणि त्यांनी त्या मुद्द्यावर मौन पाळलं, तर ते मौनही पुढे आपल्या उपयोगी पडतं. वकील म्हणाले की "याची गरज नाही, कोर्टाला आवडत नाही, आपली केस साधी आहे", तर नम्रपणे सांगायचं की सर, तीनच ओळी आहेत, राहू दे. मला एका वकिलांनी हसून सांगितलं होतं की ते सुप्रीम कोर्टात गेल्यावर बघू. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. वरच्या कोर्टात नवा मुद्दा काढू देत नाहीत बऱ्याचदा, आणि मग आपण दोन्हीकडून जातो.

किती पायऱ्या चढायच्या

समितीकडे जायच्या आधी देशातले उपाय संपवावे लागतात. म्हणजे जे अपील उपलब्ध आहे आणि ज्यातून खरोखर काही मिळू शकतं ते करायचं. याला दोन सवलती आहेत, उपाय अवाजवी लांबत असतील किंवा त्यातून परिणामकारक काही मिळण्याची शक्यता नसेल तर पूर्ण संपवायची अट नाही. ब्राझीलमध्ये एक गरोदर बाई २००२ मध्ये वेळेवर उपचार न मिळाल्यानं वारली. घरच्यांनी २००३ मध्ये लावलेला दावा वर्षानुवर्षं पडून होता म्हणून समितीनं तिच्या आईची तक्रार ऐकली आणि २०११ मध्ये ब्राझीलला जबाबदार धरलं. आधी ज्या दवाखान्यात ती गेली होती तो खाजगी होता, तरीही.

पण "आमच्याकडे कोर्टात काही होत नाही" एवढं म्हणून सवलत मिळत नाही. तारखा दाखवाव्या लागतात, कितीदा पुढे ढकललं, कोणी मागितली तारीख, आपण लवकर सुनावणीचा अर्ज दिला होता का. म्हणून रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदीच्या, नकला काढत जा, प्रत्येक तारखेला नाही जमलं तर वर्षातून एकदा तरी.

समितीकडे तक्रार

देश ऑप्शनल प्रोटोकॉलमध्ये असेल तरच हे लागू. समितीत तेवीस तज्ज्ञ आहेत, बैठका जिनिव्हात होतात. तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, पण युनोकडून वकीलही मिळत नाही. तक्रार लेखी लागते, निनावी चालत नाही. मात्र निर्णयात नाव न छापण्याची विनंती करता येते, हंगेरीचा निर्णय नुसत्या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. दुसऱ्या बाईच्या वतीनं करत असाल तर तिची लेखी संमती जोडा, नाहीतर संमती का घेता आली नाही ते सांगा. मॉडेल फॉर्म युनोच्या मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाच्या साइटवर आहे. मराठी कागदांचं भाषांतर लागतं, सगळ्याचं करत बसू नका, निकाल, मूळ तक्रार आणि मुख्य पुरावा एवढ्यांचं चांगलं करा.

तीच केस दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे तपासली गेली असेल किंवा चालू असेल तर समिती घेत नाही. म्हणून दोन ठिकाणी एकदम दगड मारायचा नाही, आधी विचार करून एक दार निवडायचं. युनोच्याच मानवी हक्क समितीचं, ही सीडॉ समितीहून वेगळी, दारही काही वेळा बरं पडतं. पेरूमधल्या एका बाईच्या मालकीच्या इमारती होत्या, भाडेकरू भाडं देईनात, ती कोर्टात गेली तर वरच्या कोर्टानं सांगितलं की लग्न झालेल्या बाईच्या वतीनं मालमत्तेचा दावा नवऱ्यानंच करायचा, तशी दिवाणी संहितेत तरतूदच होती. इमारती तिच्या, भाडं तिचं, आणि दावा लावायला नवरा! १९८८ मध्ये मानवी हक्क समितीनं तिच्या बाजूनं निर्णय दिला.

जीवाला किंवा तब्येतीला न भरून येणारा धोका असेल तर तक्रारीसोबतच अंतरिम उपायांची, म्हणजे निर्णय होईपर्यंतच्या तात्पुरत्या संरक्षणाची, मागणी करा, ठळक अक्षरांत, पहिल्याच पानावर. बाकी धीर धरायची तयारी ठेवा. सरकारला उत्तराला सहा महिने असतात, मग आपलं प्रत्युत्तर, मग त्यांचं पुन्हा, वर्षं जातात.

प्रोटोकॉलच नसेल तर

भारतासारख्या देशांतल्या बायकांना वरचं दार बंद आहे, पण खिडक्या आहेत. सीडॉप्रमाणे सरकारला दर चार वर्षांनी अहवाल द्यावा लागतो (देतात उशिरा, ते सोडा) आणि त्या वेळी संस्था-संघटना आपला शॅडो रिपोर्ट, म्हणजे सरकारी अहवालाला समांतर अहवाल, देऊ शकतात. एकटीनं नाही, एखाद्या संघटनेसोबत, आणि त्यात आपली केस उदाहरण म्हणून घालायची, आडनाव-गाव काढून. समितीचे सदस्य सरकारी शिष्टमंडळाला समोरासमोर प्रश्न विचारतात तेव्हा असलं एक ठोस उदाहरण दहा पानी आकडेवारीपेक्षा जास्त टोचतं. नंतर समितीचे निष्कर्ष येतात, ते डाउनलोड करून आपल्या पुढच्या अर्जाला जोडायचे.

स्त्रियांवरील हिंसाचारासाठी १९९४ पासून युनोचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, असतात, भेदभावासाठी २०१० पासून एक कार्यगट आहे. त्यांना पत्र पाठवायला ऑप्शनल प्रोटोकॉल लागत नाही, देशातले उपाय संपवायची अटही नाही. ते सरकारला पत्र लिहून विचारतात. आदेश देऊ शकत नाहीत, पण बाहेरून विचारणा आली की स्थानिक फाइल हलते कधीकधी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे करार असतील तर तिथे एकट्या बाईची तक्रार चालत नाही, युनियनमार्फत जावं लागतं, त्यामुळे युनियनशी भांडण असलं तरी जरा गोडीनं घ्या.

निर्णय आला, आता?

समितीच्या निर्णयात दोन भाग असतात, त्या बाईसाठी काय करा आणि सगळ्यांसाठी कायदा-यंत्रणेत काय बदला. सरकारला सहा महिन्यांत लेखी उत्तर द्यावं लागतं. पोलीस पाठवून अंमलबजावणी करायची ताकद समितीकडे नाही, त्यामुळे निर्णय आला की पेढे वाटून बसू नका. त्याचं भाषांतर करा, संबंधित मंत्रालयाला पोच घेऊन द्या, सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लावा, आणि सरकार गप्प बसलं तर तो निर्णय घेऊन पुन्हा आपल्याच देशाच्या कोर्टात जा.

स्पेनमधल्या एका आईनं तेच केलं. नवऱ्याच्या हिंसाचाराबद्दल तिनं तीसहून जास्त तक्रारी केल्या होत्या, तरी कोर्टानं त्याला मुलीला एकट्यानं भेटायची परवानगी दिली, आणि २००३ मध्ये अशाच एका भेटीत त्यानं मुलीला मारून टाकलं. समितीनं २०१४ मध्ये स्पेनला जबाबदार धरलं. सरकारनं भरपाई द्यायला नकार दिला. ती पुन्हा खालून सुरुवात करून लढली, आणि जुलै २०१८ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की समितीचा निर्णय सरकारवर बंधनकारक आहे, सहा लाख युरो द्या. तो निकाल स्पेनचा आहे, आपल्या देशाच्या न्यायाधीशांवर तो बंधनकारक नाही, पण "समितीच्या मताला काय किंमत" असा प्रश्न सुनावणीत आलाच तर त्याची प्रत फाइलमध्ये तयार असू द्या, भाषांतरासकट.